स्वदेशी झरणी

कचेरीतील टाकाची जागा फाउंटन पेनने, म्हणजे झरणीने, घेतली, तेव्हा हे नवे साधन बहुधा विलायतेहूनच येत असे. स्वदेशीचा पुरस्कारही परदेशी लेखणीनेच लिहावा लागावा, ही विसंगती अनेकांना बोचू लागली. आंध्रातील राजमहेंद्रीचे कारागीर के. व्ही. रत्नम यांनी लेथवर एबोनाइटच्या झरण्या घडविल्या आणि त्यांपैकी एक, अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत, गांधीजींकडे धाडली. गांधीजींनी १६ जुलै १९३५ रोजी पत्राने पोच दिली. त्या पत्रात देशभक्तीची वाखाणणी नाही. झरणी आपण वापरली आणि बाजारातील परदेशी झरण्यांना ती चांगला पर्याय वाटते, एवढाच अभिप्राय आहे.

झरणी स्वदेशी झाली, तरी शाईचे काय? १९३४ साली बंगालमधील राजशाही येथे मैत्र बंधूंनी ‘सुलेखा’ शाईचा उद्योग आरंभिला. पुढे तो कलकत्त्यात वाढला, १९८० नंतरच्या दशकाअखेर बंद पडला आणि कालांतराने पुन्हा उभा राहिला.

या दोन्ही उद्योगांना स्वदेशीच्या भावनेने जन्म दिला खरा. पण कागदावर झरणी अडखळली किंवा शाई फुटली, तर भावना तिला सावरू शकत नाही. म्हणूनच गांधीजींचे ते मोजके शब्द कोणत्याही स्तुतीहून मोलाचे ठरतात.