सॅम्पलर (शालेय भरतकाम)

सॅम्पलर म्हणजे भरतकामाचे निरनिराळे टाके, अक्षरे, अंक आणि नक्षी ज्यावर भरून दाखविलेली असते असा कापडाचा तुकडा. १८व्या व १९व्या शतकांत युरोप-अमेरिकेतील मुलींच्या शिक्षणात त्याला नेमाचे स्थान होते. पुढे मिशनरी शाळांबरोबर ही पद्धत महाराष्ट्रातही आली. 'नमुना' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून हे नाव बनले असून, आपल्याकडील शाळांत त्याला 'शिवणाचा नमुना' किंवा 'भरतकामाचा नमुना' असे म्हणत.

उगम व उपयोग

नक्षीची छापील पुस्तके दुर्मीळ होती, तेव्हा आवडलेला टाका विसरू नये म्हणून स्त्रिया तो कापडाच्या पट्टीवर भरून ठेवीत. तारीख नोंदलेला सर्वांत जुना ज्ञात ब्रिटिश सॅम्पलर १५९८ सालचा असून तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तो भरणाऱ्या जेन बोस्टॉकने त्यात अ‍ॅलिस ली या मुलीचा १५९६ मधील जन्मही नोंदवला आहे. पुढे शाळांमधून चौकोनी, किनारीचा आणि शेवटी मुलीचे नाव, वय व साल असलेला प्रकार रूढ झाला. अक्षरे व अंक भरण्यामागे व्यावहारिक कारण होते. घरातील चादरी-टॉवेल धुलाईत हरवू नयेत म्हणून त्यांवर फुलीच्या टाक्याने आद्याक्षरे व क्रमांक घालावे लागत, आणि हे काम येणाऱ्या मुलीला मोठ्या घरी नोकरी मिळे. ब्रिस्टल येथील अनाथालयातील मुलींचे लाल धाग्याचे, दाट अक्षरांचे सॅम्पलर याच गरजेतून घडले.

महाराष्ट्रात

अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा उघडली. १८२७ मध्ये आलेल्या सिंथिया फरार यांनी आधी मुंबईत व नंतर अहमदनगरला, तर १८२९ मध्ये आलेल्या मार्गारेट विल्सन यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालविल्या. अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला शिवण असे. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणाला स्त्रीच्या स्वावलंबनाशी जोडले.

फुलीच्या टाक्यात देवनागरी उतरविणे रोमन लिपीपेक्षा अवघड असते. शिरोरेषा सरळ धावते, पण 'ळ', 'ह', 'क्ष' यांची वळणे धागे मोजूनच घ्यावी लागतात व ती पायऱ्यांसारखी दिसतात. विसाव्या शतकात दुसुतीवर किंवा मॅटीच्या कापडावर भरलेले 'सुस्वागतम्' काचेच्या चौकटीत घराघरांत दिसू लागले. शाळेत धावदोरा, टीप, साखळी, काज, रफू व ठिगळ यांचे लहान तुकडे वहीत चिकटवले जात. या वह्या सॅम्पलरच्याच वंशातल्या आहेत, पण चौकटीत नसल्यामुळे त्या प्रथम रद्दीत जातात.

डहाणू व तलासरी

सॅम्पलर ही शाळेची निर्मिती असल्याने जेथे शाळा उशिरा पोहोचली तेथे तो सापडण्याची शक्यता कमी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढावी लागली, यावरून आदिवासी पाड्यांतील स्थिती कळते. तेथील मुलींचा हात भिंतीवर चालत होता. वारली लग्नाचा चौक स्त्रियाच काढीत. किनाऱ्यावरील डहाणू व बोर्डी येथे मात्र पारशी व इराणी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. पारशी घराच्या दारावरील मण्यांचे तोरण हे सॅम्पलरचे जवळचे नातेवाईक म्हणता येईल. दोन्हींत नक्षी मोजून घ्यावी लागते.

संग्रह व जतन

संग्राहक नाव, वय, साल व शाळा असलेल्या नमुन्यांना अधिक मोल देतात. सालाचे आकडे उसवलेले नमुनेही आढळतात; उतारवयात वय लपविण्यासाठी ते उसवले जात. अनेक सामान्य मुलींच्या हातची एवढी एकच नोंद उरलेली असते. त्यामुळे वस्तू घराबाहेर जाताना ती कोणाची, कोणत्या गावची हे लिहून न ठेवणे हा संग्रहातील सर्वांत मोठा दोष होय. चौकट विकली जाते आणि नाव अनाथ होते.

किनारपट्टीच्या दमट हवेत कापडाला बुरशी लागते व लोकरीला कसर खाते. उन्हाने रंग उडतो. मूळ रंग पाहायचा तर उलटी बाजू पाहावी. लाल धागा धुतल्यास रंग सोडतो, म्हणून सॅम्पलर घरी धुऊ नये. लोहयुक्त रंगाचे काळे-तपकिरी धागे आपोआप झिजून गळतात. पाठीमागची लाकडी फळी कापडावर तपकिरी डाग पाडते. त्याऐवजी आम्लरहित पुठ्ठा वापरावा, काच कापडाला टेकू देऊ नये, आणि गोंद अथवा चिकटपट्टी न लावता नमुना सुती कापडावर टाके घालून बसवावा.