जुना फ्रेंच कॅमेरा : मोल वयाचे की पुराव्याचे?

१/ शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या जुन्या वाड्यात लाकडी कॅमेरा सापडला आणि त्यावर पॅरिसचे नाव दिसले, की घरात लाखांची भाषा सुरू होते. अशा वस्तूचे लिलावातील मोल कशावर ठरते, याचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली. त्याच वर्षी आल्फोन्स जिरू यांनी ४०० फ्रँकला, तर सुस बंधूंनी ३५० फ्रँकला कॅमेरे विक्रीस काढले.

३/ जिरू यांच्या कॅमेऱ्यावर एक पट्टी असे. दागेर यांची सही आणि जिरू यांची मोहोर नसेल, तर यंत्राची हमी नाही, असे तिच्यावर बजावलेले असे. नकली मालाला आळा घालण्यासाठी केलेली ही सोय पुढे पुराव्याचा पाया ठरली.

४/ २००७ मध्ये व्हिएन्नातील लिलावात सुस बंधूंचा कॅमेरा सुमारे ५ लाख ८८ हजार युरोंना गेला. तेव्हा तो त्यांचा एकमेव ज्ञात नमुना होता. २०१० मध्ये तेथेच जिरू यांच्या कॅमेऱ्याला ७ लाख ३२ हजार युरो मिळाले.

५/ मग जितका जुना तितका महाग का? तसे नाही. २०२२ मध्ये १४४ लाख युरोंना विकला गेलेला लायका कॅमेरा जर्मन, तोही १९२३ च्या सुमाराचा. पण तो लायकाचे जनक ऑस्कर बार्नाक यांच्या स्वतःच्या वापरातला होता. उलट झूल रिशार यांचे ‘व्हेरास्कोप’ हे फ्रेंच कॅमेरे १८९३ पासून मोठ्या संख्येने बनले. त्यामुळे त्यांचे दर पुष्कळच माफक.

६/ आपल्याकडे १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांच्याकडे मुंबई इलाख्यातील प्राचीन वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम आले. शिरूर ही त्याच इलाख्यातील जुनी लष्करी छावणी, दौंड रेल्वेचे ठाणे. फौज आणि रेल्वे यांच्या वाटेने परदेशी वस्तू येथवर येणे स्वाभाविक होते.

७/ परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंचे फ्रेंच यंत्र चालले. त्यानंतर सावे दादांनी १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले, ते इंग्लंडहून मागविलेल्या कॅमेऱ्याने. दादासाहेब फाळक्यांचा १९१२ चा विल्यमसन कॅमेराही लंडनचाच. तेव्हा ‘जुना म्हणजे फ्रेंच’ हे गृहीत धरू नये, पट्टी वाचावी.

८/ आणखी एक अडसर कायद्याचा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार विज्ञान वा कारागिरीची साक्ष देणारी, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. व्हिएन्नातील आकडे येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

९/ म्हणून असा कॅमेरा हाती आल्यास पितळ घासू नये, भिंग वेगळे विकू नये. पेटी, पावती, जुनी पत्रे, त्या कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे एकत्र ठेवावीत. कॅमेरा कुणी आणला, कुणी वापरला, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्यावे. रद्दीत गेलेला कागद कोणत्याही लिलावात परत मिळत नाही.