नेटवर्क कार्ड सुरू न होणे (लिनक्स)

संगणक बूट झाल्यावर नेटवर्क कार्ड आपोआप चालू न होण्याचा दोष. लिनक्स प्रणालीत कार्ड खरोखरच जळालेले असण्यापेक्षा बूट होताना एखाद्या टप्प्यावर काम अडलेले असण्याचा संभव अधिक. म्हणून नवे कार्ड विकत घेण्यापूर्वी किंवा प्रणाली पुन्हा टाकण्यापूर्वी हे टप्पे क्रमाने तपासावेत. जो टप्पा प्रथम अपुरा आढळेल, तेथेच दोष असतो.

ओळख : बूट होताना पीसीआय मार्गावरील प्रत्येक कार्डाचा ओळखक्रमांक वाचला जातो. त्यात उत्पादकाचाही क्रमांक असतो. इंटेलचा ८०८६, रिअलटेकचा १०ईसी. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिल्यावर यादीत कार्ड दिसले नाही, तर ते बायोसमध्ये बंद आहे का, स्लॉटमध्ये नीट बसले आहे का, हे पाहावे. एकाच संगणकावर विंडोजही असेल तर तिची ‘फास्ट स्टार्टअप’ सोय बंद करावी. या सोयीमुळे विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि काही कार्डे अल्पवीज अवस्थेतच राहतात.

ड्रायव्हर व फर्मवेअर : ओळखक्रमांकावरून कर्नेल योग्य ड्रायव्हर लोड करते. रिअलटेकच्या ८१११ व ८१६८ या चिपना ‘आर८१६९’, तर इंटेलच्या अनेक गिगाबिट कार्डांना ‘ई१०००ई’ हा ड्रायव्हर लागतो. काही कार्डांना शिवाय फर्मवेअरची फाइल द्यावी लागते; ब्रॉडकॉमची नेटएक्स्ट्रीम २ मालिका त्याविना चालत नाही. ही फाइल डिस्कवर असूनही आरंभीच्या इनिटरॅमएफएसमध्ये नसेल, तर तेथून लोड होणाऱ्या ड्रायव्हरला ती सापडत नाही. अशा वेळी ‘डीमेसेज’मध्ये फर्मवेअर न मिळाल्याची ओळ दिसते आणि बूटनंतर ड्रायव्हर काढून पुन्हा घातला की कार्ड चालू होते. फर्मवेअरसह इनिटरॅमएफएस नव्याने तयार करणे हा त्यावरचा कायमचा उपाय.

नाव : पूर्वी कार्डांना ‘ईटीएच०’, ‘ईटीएच१’ अशी नावे मिळत आणि युडेव्ह ती कार्डाच्या ४८ बिटांच्या मॅक पत्त्याशी बांधून एका नियमफाइलीत लिहून ठेवी. मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली, की ‘ईटीएच०’ हे नाव जुन्या पत्त्यासाठी राखलेले राही; नवे कार्ड ‘ईटीएच१’ होई आणि सेटिंग्ज जुन्याच नावावर राहत. २०१३ मध्ये सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीपासून जागेवरून नाव देण्याची पद्धत आली. ‘ईएनपी३एस०’ म्हणजे तिसऱ्या बसवरील शून्य क्रमांकाच्या स्लॉटमधील इथरनेट कार्ड. मात्र नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्याने बसचे क्रमांक सरकले, तर हेही नाव बदलू शकते. ‘आयपी लिंक’ या आज्ञेत दिसणारे नाव आणि सेटिंग्जच्या फाइलीतील नाव एकच आहे का, हे पडताळावे.

सेटिंग्ज : डेबियनच्या इंटरफेसेस फाइलीत कार्डापुढे ‘ऑटो’ किंवा ‘अलाउ-हॉटप्लग’ ही ओळ नसेल, तर बूट होताना ते चालू केले जात नाही. सेंटओएस ६ व ७ मध्ये इन्स्टॉल करताना नेटवर्क चालू केले नाही, तर ‘ऑनबूट’ची किंमत ‘नो’ राहते. ती ‘येस’ करावी.

पत्ता मिळणे : पोर्टचा दिवा लागूनही आयपी पत्ता न मिळाल्यास, किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता आल्यास, डीएचसीपी सर्व्हरपर्यंत विनंती पोहोचत नसल्याचा संभव असतो. स्विचवर जुन्या पद्धतीचा स्पॅनिंग ट्री चालू असेल, तर केबल जोडल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवते. तोवर माहिती पुढे जात नाही. तेवढ्यात काही डीएचसीपी क्लायंट प्रयत्न सोडून देतात. संगणक जोडलेल्या पोर्टवर ‘पोर्टफास्ट’ चालू केल्यास हा विलंब टळतो.

बूटनंतर हाताने चालू केल्यावर नीट चालणारे कार्ड बदलू नये. त्याचा दोष सेटिंग्ज, फर्मवेअर किंवा वेळेच्या मेळात शोधावा.