'ढ' अक्षराची मुले

मराठी शाळेत मागे पडणाऱ्या मुलाला आपण चक्क एका अक्षराचे नाव दिले आहे. ब्राह्मीपासून नागरीपर्यंत इतर अक्षरांची रूपे पालटली, 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून न बदलणारा तो 'ढ', अशी उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, वाचता न येणे म्हणजे बुद्धी नसणे हे समीकरण तिच्यात पक्के बसले आहे.

या समीकरणाला १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने छेद दिला. त्याने ज्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली, तो गणितात तल्लख होता, पण स्वतःचे नावही चुकीचे लिही. सारे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचेच मत होते. मॉर्गनने या अवस्थेला 'जन्मजात शब्दांधत्व' म्हटले.

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवल्यास पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. कळंब्यासारख्या गावातील कुणब्याच्या मुलासाठी अक्षराचे दार उघडले, ते अशा निर्णयामुळे. परंतु जिथे कुणीच वाचत नाही तिथे वाचनवैकल्य दिसणार तरी कुणाला? सर्वांना बाकावर बसवल्यावरच न वाचणारा वेगळा दिसू लागतो. आणि तो दिसला तेव्हा त्याच्यासाठी आपल्यापाशी छडी आणि 'ढ' एवढेच होते.

मॉर्गननंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली, महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. पाऊल मोठेच होते. तरी त्याची दिशा पाहावी: सवलत परीक्षेपुरती, अध्यापनाला तिचा स्पर्श नाही. भाषा शिकवण्याची नवी रीत शोधण्यापेक्षा भाषाच वगळणे सोपे ठरले. याचे वैषम्य आम्हा भाषाशिक्षकांना फारसे वाटले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

शिवाय इंग्रजीवर बेतलेल्या चाचण्यांनी मराठी मुलाची अडचण कशी मापणार? आपल्या लिपीत उच्चार आणि अक्षर यांचे नाते बरेच सरळ आहे. पेच आहे तो मांडणीत. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण लेखनात आधी. रफार ऐकू येतो आधी, बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. त्यात १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे 'कवी' दीर्घ आणि 'कविराज' ऱ्हस्व. हा भेद कानाला कळत नाही. त्यासाठी शब्द तत्सम आहे, समासात आला आहे, हे ठाऊक असावे लागते. आठ वर्षांच्या मुलाकडून आपण व्याकरणकाराची अपेक्षा करतो! मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी 'डाली' ही चाचणी सिद्ध केली, ती २०१५ साली.

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेला स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली. अवधान टिकत नाही अशा अतिचंचल मुलांची अवस्था, इंग्रजी आद्याक्षरांनी 'एडीएचडी', त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. जॉर्ज स्टिलने १९०२ साली लंडनच्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्याला तो नैतिक नियंत्रणाचा दोष वाटला होता. शाळेच्या प्रगतिपुस्तकात त्यालाच अजून 'वर्तणूक' म्हणतात.