पुणें प्रांतींच्या गारगोट्या व त्यांची स्थलनोंद

पाषाण जमविण्याचा छंद पाश्चात्त्यांकडून आपणांकडे आला असा समज रूढ आहे. आमच्या मतें तो अर्धाच खरा होय. पंचायतनाचें तबक ज्यानें पाहिलें आहे त्यास हें निराळें सांगावयास नको. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शिवाचा बाण नर्मदेचा, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदाचा, देवीची सुवर्णमुखी त्याच नांवाच्या नदीची. पाषाणाचें मोल त्याच्या उगमस्थानावरून ठरतें, हें तत्त्व आपल्या देवघरांत पूर्वींच मान्य होतें. वराहमिहिरानेंही बृहत्संहितेंत हिऱ्यांचे रंग सांगतांना वेणातट, कोसल, सौराष्ट्र, शूर्पारक अशीं त्यांचीं स्थळें दिलीं आहेत.

आतां पुण्याकडे वळूं. येथील काळा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. रस थिजतांना वायूचे बुडबुडे कोंडून पोकळ्या राहिल्या व पुढें त्यांत झिरपलेल्या पाण्यांतील द्रव्यांचे स्फटिक बनले. यांपैकीं पुष्कळ झिओलाइट वर्गांतील आहेत. तापविला असतां हा पाषाण उकळल्यासारखा दिसतो, म्हणून स्वीडनच्या क्रोन्स्टेट यानें सन १७५६ मध्यें त्यास 'उकळता दगड' या अर्थाचें हें ग्रीक नांव दिलें. सन १८३१ मध्यें ब्रूक नामक इंग्रज खनिजवेत्त्यानें एका नमुन्यास आमच्या शहरावरून 'पूनालाइट' म्हटलें. पुढें तो पूर्वज्ञात खनिजांतच मोडतो असें ठरून तें नांव मागें पडलें. सन १८५६ ते १८६३ या काळांत बोरघाटांत लोहमार्गाचे बोगदे खोदले गेले, तेव्हां असे स्फटिक विपुल सांपडून परदेशच्या संग्रहालयांत गेले.

सर्वांत नवलाची गोष्ट नगर रस्त्यावरील वाघोलीची. कॅव्हन्साइट हें निळें खनिज प्रथम अमेरिकेंतील ओरेगॉन प्रांतीं सांपडलें व सन १९७३ मध्यें त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. परंतु त्याचे उत्तम नमुने वाघोलीच्या दगडखाणींतून सन १९८८ च्या सुमारास निघूं लागले, आणि वाघोली हें नांव जगांतील संग्राहकांच्या तोंडीं झालें.

या खाणी खडीसाठीं चालतात, स्फटिकांसाठीं नव्हे. सुरुंगानें उघडलेली पोकळी कामगाराच्या दृष्टीस पडली तर वांचते, नाहीं तर तिची खडी होते. जें वांचतें तें हातोहात विकलें जातां जातां स्थळ विसरतें, आणि शेवटीं चिठीवर केवळ 'पुणें' एवढेंच उरतें. मिति व स्थळ नसलेल्या कागदाविषयीं इतिहाससंशोधकास जी हळहळ वाटते तीच येथेंही वाटावी. किंबहुना अधिक, कारण कागदाचा काळ अक्षरवळणावरून तर्कितां येतो, परंतु बुजविलेल्या खाणीवर इमारत उठली म्हणजे पुन्हां पडताळा घेण्यास जागाच राहत नाहीं.

म्हणून ज्यांच्या घरीं असे नमुने असतील त्यांनीं गांव, खाण, खोली व सांपडल्याची तारीख आजच लिहून ठेवावी, एवढीच आमची विनंति आहे. देवघरांतील पाषाणांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण प्रत्येकाच्या नांवाबरोबर नदीचें नांव उच्चारलें जाई.