पाच अटी आणि अटींबाहेरची मुलं

लाइपझिगच्या एर्न्स्ट वॅग्नर यांनी १८६३मध्ये स्नायूंच्या एका दुर्मीळ आजाराची नोंद केली. १८९१मध्ये हाइनरिश उनफेरिश्त यांनी त्याला ‘डर्मॅटोमायोसायटिस’ म्हटलं. त्वचा आणि स्नायू अशी जोडी नावातच आली. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. लहान मुलांमध्ये बारीक रक्तवाहिन्याही सुटत नाहीत, हे बेट्टी बँकर आणि मॉरिस व्हिक्टर यांनी १९६६मध्ये दाखवलं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून या इतिहासातलं १९७५ हे साल मला सर्वांत ओळखीचं वाटतं. अँथनी बोहान आणि जेम्स पीटर यांनी तेव्हा पाच निकष मांडले: खांदे-मांड्यांचा अशक्तपणा, रक्तात वाढलेली स्नायूंची एन्झाइम्स, ईएमजीतले बदल, बायॉप्सीतले बदल आणि ठरावीक पुरळ. पुरळ आणि उरलेल्यांपैकी तीन असतील तर निदान निश्चित; दोन असतील तर संभाव्य; एकच असेल तर शक्य. सरळ ‘इफ-एल्स’. त्यामुळे गावोगावचे रुग्ण एकाच मापानं मोजता आले, आणि हे माप चाळीसेक वर्षं चाललं.

पण मुलं अटी वाचून आजारी पडत नाहीत. कुणाच्या पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लाल चट्टे असतात, पण ताकद शाबूत असते. ते एक्झिमा म्हणून मलमावर राहतं. कुणाला आधी अशक्तपणा येतो, पुरळ मागाहून उठतं. कुणाचा आवाज नाकातून येऊ लागतो, घास गिळवत नाही. कुणाच्या कोपरापाशी कातडीखाली कॅल्शियमच्या कडक गाठी होतात. तीन वर्षांचं मूल ‘माझी ताकद कमी झाली’ म्हणत नाही. ते ‘उचलून घे’ म्हणतं, आणि घरचे त्याला लाडावलेलं ठरवतात. उपचार लांबले की त्या गाठींचा धोका वाढतो.

स्नायू शाबूत असलेल्या प्रकाराला पुढे ‘अमायोपॅथिक’ हे नाव मिळालं. २०१७मध्ये युरोप-अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी नवे निकष आणले. त्यांत प्रत्येक लक्षणाला गुण आहेत, आणि बेरजेवरून शक्यता निघते. ठरावीक पुरळ असेल तर बायॉप्सीवाचूनही वर्गीकरण होतं. ‘हो-नाही’च्या जागी ‘किती’ आलं.

तरी हे निकषही मुख्यतः संशोधनासाठी रुग्ण निवडायला आहेत. प्रोग्रॅममध्ये कुठल्याच अटीत न बसणाऱ्यासाठी शेवटी एक ‘एल्स’ ठेवावा लागतो. दवाखान्यात तो ‘एल्स’ म्हणजे मुलाला जमिनीवर बसवून हात न टेकता उठायला सांगणारा डॉक्टर.