मामूंची कॉन्टेसा

वसमतला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी कॉन्टेसा उभी आहे. मामू सौदीत बारा वर्षे राबून परतले आणि 1991 साली त्यांनी ती जुन्या बाजारात घेतली. आता ती माझ्या नावावर आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला.

या गाडीची गोष्ट ऑक्टोबर 1973 पासून सांगावी लागते. अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले. तीन डॉलरच्या आसपास असलेले पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेले. धुरावर बंधने घालणारा 1970 चा कायदा होताच. अमेरिकेच्या दणकट स्पोर्ट्स गाड्यांचा दम त्यातच गेला. 1974 च्या फोर्ड मस्टँग टूचे मूळ इंजिन 88 अश्वशक्तीचे होते आणि त्या वर्षी तिच्यात व्ही-एट इंजिन मिळतच नव्हते. शक्ती मोजायची पद्धत बदलल्यानेही आकडे लहान दिसू लागले होते. पण गाड्या मंदावल्या, हे खरेच. तरीही पहिल्या वर्षी साडेतीन लाखांहून जास्त मस्टँग खपल्या. नाव आणि रूप विकले गेले.

ज्या तेलाने तिकडची इंजिने लहान केली, त्याच तेलाच्या पैशातून आखातात रस्ते, बंदरे, वसाहती उभ्या राहू लागल्या आणि आपली माणसे तिकडे गेली. मामू 1978 साली गेले. तिथल्या रस्त्यांवर त्यांनी लांब नाकाच्या अमेरिकन गाड्या पाहिल्या.

आपल्याकडे तेव्हा लायसन्स राज होते. परदेशी गाडी आणायची तर जबर जकात. 1984 च्या सुमारास हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आली. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलचा आणि व्हॉक्सहॉल तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सची होती. त्यामुळे रूप अमेरिकन वाटे. पण सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन ॲम्बेसेडरचेच होते: 1489 सीसी, सुमारे 50 अश्वशक्ती. नंतर 1.8 लिटरचे इसुझू इंजिन आले. मामूंनी घेतली ती पहिल्या इंजिनाची. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलेच नव्हते; दोष गाडीचा नाही, आमच्या हौसेचा. औंढ्याच्या रस्त्यावर एक ॲम्बेसेडर मागे टाकता आली नाही, तेव्हा मामू हसले आणि मग बराच वेळ गप्प बसले.

मोहल्ल्यातल्या कितीतरी नवरदेवांची वरात या गाडीतून निघाली. त्याच वर्षी अम्मीने आपाच्या डी.एड.साठी मामूंकडे पैसे मागितले होते. पैसे गाडीत गेले होते. आपाचे लग्न झाले, वरातही याच गाडीतून निघाली. ती शिक्षिका झाली नाही.

आखाताच्या पैशाचा हिशोब आपण घरे आणि लग्ने मोजून करतो. त्या पैशातून किती मुली शिकल्या आणि किती राहून गेल्या, हेही मोजले पाहिजे. मामूंना मी दोष देत नाही. बारा वर्षे दुसऱ्याच्या गाड्या पाहणाऱ्या माणसाला एक स्वतःची हवी होती.

गेल्या महिन्यात आपाला विचारले, गाडी विकू का? ती म्हणाली, "विक. पण पैसे माझ्या नातीच्या फीला दे."

भंगारवाल्याला शुक्रवारी बोलावले आहे.